बेळगावात राहून बौद्धिक संपदेची वकिली

कायद्याच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी मला वारंवार विचारतात की, बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान कायद्याची वकिली बेळगावात राहून करता येते का. करता येते, मात्र पक्षकार आपली अडचण मराठीत सांगतो, जिल्हा न्यायालयातील कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत चालते आणि नोंदणी कार्यालयाशी पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीत होतो, त्यामुळे तिन्ही भाषांवर मेहनत घेण्याची तयारी हवी.

सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा झाली की ट्रेडमार्कचे काम करता येते. पेटंट एजंट होण्यासाठी मात्र विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि स्वतंत्र परीक्षा लागते. हे मला वकिली सुरू केल्यावर कळले. म्हणून बीएस्सी किंवा बीई करून कायद्याकडे वळणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो की, ती आधीची पदवी येथे फार मोलाची आहे. सीमाभागाची एक गोष्टही लक्षात ठेवावी: कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा ट्रेडमार्क अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो, तर बेळगावच्या व्यापाऱ्याचा चेन्नईच्या.

माझ्या सुरुवातीच्या पक्षकारांपैकी एक मिठाईवाले काका होते. त्यांना ‘बेळगावी कुंदा’ हेच नाव आपल्या नावावर करून हवे होते. गावाचे आणि पदार्थाचे नाव कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही, हे त्यांना पटवून द्यायला दोन बैठका लागल्या आणि शेवटी त्यांच्या दुकानाच्या नावाचा अर्ज वर्ग ३० मध्ये, म्हणजे मिठाईसारख्या खाद्यपदार्थांच्या वर्गात, केला. त्यात माझ्याकडून चूक झाली. पाटीवर रंगवलेले वर्ष मी वापराचा आरंभ म्हणून लिहिले, पण प्रतिज्ञापत्राला जोडण्यासाठी बिले मागितली तेव्हा त्याच्या कितीतरी नंतरची बिले निघाली. तेव्हापासून मी अर्जाला हात लावण्याआधी जुनी बिलबुके, परवाने आणि जाहिरातींची कात्रणे टेबलावर मांडायला सांगतो.

पेटंटच्या बाबतीत चूक सहसा वकिलाकडे येण्यापूर्वीच झालेली असते. उद्यमबागेतील एक फाउंड्रीचालक ओतीव भागाचा नवा गाभा, म्हणजे भागातील पोकळी घडवणारा वाळूचा आकार, घेऊन आले होते. वाळू सहज झडावी म्हणून त्यांनी त्याला खालच्या बाजूने एक तिरपी खाच दिली होती आणि ती दाखवताना त्यांचे बोट वारंवार त्याच कडेवरून फिरत होते. कल्पना खरोखर चांगली होती, परंतु असे भाग ते वर्षभरापूर्वीपासून खुलेआम विकत होते आणि गाभ्याची रचना येणाऱ्या ग्राहकांना समजावूनही सांगत होते. पेटंटला लागणारे नावीन्य असे गेल्यावर वकिलाच्या हातात फारसे काही उरत नाही. पक्षकाराला ‘काय शोधलेत?’ याआधी ‘कोणाला दाखवलेत?’ हे विचारावे.

तंत्रज्ञान कायद्याचे रोजचे काम साधे असते: सॉफ्टवेअर करून देणाऱ्या मुलांचे करार, शिकवणी वर्ग आणि दवाखाने जमवतात त्या वैयक्तिक माहितीबाबत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे संमतीचे मसुदे, आणि व्हॉट्सॲप संदेश पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारे प्रमाणपत्र.

आपल्या भागात नव्या वकिलासाठी सर्वांत भरीव संधी मला कोल्हापुरी चपलेत दिसते. तिला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही जिल्हे आहेत. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्यावर मोठी चर्चा झाली, पण मानांकनाचे उल्लंघन झाल्याचा दावा नोंदणीकृत मालक किंवा अधिकृत वापरकर्ताच (ते नाव वापरण्यासाठी नोंद झालेला उत्पादक) करू शकतो, ही बाब त्या गदारोळात मागे पडली. अथणी-निपाणी भागातील कारागिराचा अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज भरायला बसलात की तो कातडे कसे कमावतो, वेणी कशी गुंफतो, टाके कुठे घालतो, हे त्याच्याच शब्दांत आधी उतरवून घ्या. त्या कामाचे मोठे शुल्क मिळणार नाही, पण इंग्रजी मसुद्यात नेमके काय लिहायचे हे त्याच्या समोर बसल्यावरच कळते.