स्टेशनातून परत आलेली बाराबोर: आधी साफसफाई, मग कपाट

निवडणूक लागली की परवान्याची बंदूक बहुतेकदा पोलीस स्टेशनात जमा. २०२४ साली आचारसंहिता मार्चच्या मध्याला लागली आणि निकाल ४ जूनला आला. म्हणजे पिकाच्या राखणीसाठी घेतलेली बाराबोर, म्हणजे छऱ्यांची दुनळी बंदूक, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे घरी पोचते ती ऐन पावसाच्या तोंडावर, आणि गंज चढतो तो याच दिवसांत. ताब्यात घेताना पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून बघा, मग घरी येऊन लगेच बसा. काम अर्ध्या तासाचं आहे.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळ्या उघडायचा खटका (चाप नव्हे) दाबून बंदूक मोडा, म्हणजे नळ्या खाली वाकवून उघडा, आणि दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघा. आत मातीचा गोळा दिसला तर तो कुंभारीण माशीचा. उभ्या राहिलेल्या नळीत ती हमखास घर करते, आणि तसाच बार काढला तर नळी फुटते. गज (नळी साफ करायची लांब काठी) घालून तो आधी काढा. मग नळीखालचं लाकूड सोडवा, नळ्या वेगळ्या करा आणि जुन्या चादरीवर मांडा.

गज नेहमी काडतूस बसतं त्या बाजूने घालायचा. तोंडाकडून घातला तर गज घासून चोकची (नळीच्या तोंडाशी अरुंद केलेल्या भागाची) कड झिजते आणि छरे एका बाजूला जायला लागतात. चिंधी जुन्या सुती धोतराची किंवा बनियनची, साधारण तीन इंच चौरस. टेरिकॉट नको, ते काही शोषत नाही, नुसतं घसरतं. पहिली चिंधी कोरडीच फिरवा. नंतर बंदुकीच्या दुकानात मिळणारं सॉल्व्हंट (मळ सैल करणारं द्रव) लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ही थांबण्याची पायरीच बहुतेक जण गाळतात आणि मग ब्रश घासून घासून दमतात. ब्राँझचा ब्रश दहा-बारा वेळा पूर्ण आरपार न्या, नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका. काडतुसाच्या जागेच्या जरा पुढे प्लास्टिकचा थर बसतो आणि तोंडाजवळच्या चार-सहा इंचांत शिशाच्या करड्या रेघा. ब्रशचा जोर तिथे हवा. शेवटी चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत पुसा.

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर रीत उलटी. काळ्या दारूची राख क्षाराची असते, ती तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. वरून तेल चोपडलं की क्षार तेलाखाली दबतो आणि आतून खात राहतो. कडकडीत पाणी आणि थोडा साबण वापरा. गरम पाण्याने नळी तापते, त्यामुळे ती लवकर वाळते. पूर्ण कोरडी झाली की मगच तेल.

तेल म्हणजे दोन-तीन थेंब टाकलेली एक चिंधी, बस्स. जास्त झालं तर ते ओघळून दस्त्यात (खांद्याला टेकवायच्या लाकडात) उतरतं आणि कळीजवळचं, म्हणजे चापाच्या यंत्रणेजवळचं, लाकूड मऊ पडतं. म्हणून बंदूक तोंड खाली करून किंवा आडवी ठेवा. बार काढायच्या आधी कोरडी चिंधी फिरवून नळीतलं तेल पुसायला विसरू नका. बाहेरून पुसताना बोटांचे ठसेही काढा, घामातल्या मिठाने दोन दिवसांत तांबूस डाग पडतो. तसा डाग आलाच तर तेल लावून चार शून्याची (सगळ्यात बारीक) स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांची लोकर, हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर लावाल तर गंजाबरोबर नळीचा काळा रंगही जाईल. आत खड्डे पडले असतील तर परवानाधारक कारागिराकडेच न्या.

दस्त्याला जवसाचं तेल, चार थेंब, तळहाताने चोळून. खोबरेल किंवा शेंगतेल वाळत नाही, चिकट होतं. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा.

रेक्झिनच्या पिशवीत बंदूक कायमची ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा.

आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचं: त्या घरी पुन्हा भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली त्याला वेगळा परवाना लागतो, पिकाच्या राखणीच्या परवान्यात ते बसत नाही.