‘पिकअप नाही’ म्हणून थेट कार्बोरेटर खोलू नका: जुन्या गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

जुनी मारुती ८००, झेन, एस्टीम घेऊन माणूस येतो आणि एकच वाक्य बोलतो, “पिकअप नाही.” त्याच्या पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: “प्लग, कॉइल, फिल्टर सगळं नवीन टाकलंय.” म्हणजे आजार कळायच्या आधीच औषधांचा डबा रिकामा झालेला असतो. वर नवीन पार्टमध्येही फॉल्ट निघू शकतो. मग जुना आजार कुठला आणि नवा कुठला, हे शोधत बसा.

म्हणून बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, नक्की कधी नाही? पाय दाबल्या दाबल्या गाडी एकदा अडखळते आणि मग नीट पळते? गावात बरी चालते पण चढाला गुदमरते? इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र जागची हलत नाही? का गाडी कायमच जड वाटते, न्यूट्रलला सोडली तरी घरंगळत नाही? हे चार वेगवेगळे आजार आहेत. पहिल्यात कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) ॲक्सिलरेटर पंप, म्हणजे पाय दाबला की जादा पेट्रोल मारणारा छोटा पंप, किंवा फाटका व्हॅक्यूम पाइप बघायचा, दुसऱ्यात पेट्रोलची वाट नाहीतर तुंबलेला सायलेन्सर. तिसऱ्यात क्लच प्लेट गेलेली असते. चौथ्यात इंजिनाचा काहीच दोष नसतो, ब्रेक धरलेले असतात. पावसाळ्यात हँडब्रेक लावून उभ्या राहिलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं. पाच-सात किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक भाजेल इतकं तापलेलं असेल तर प्लग विकत घ्यायची गरज नाही.

या प्रश्नांची उत्तरं लोकांना सहसा येत नाहीत, कारण त्यांनी गाडीकडे लक्षच दिलेलं नसतं, व्हिडिओकडे दिलेलं असतं.

आधी काय बदललं होतं, हे न विचारणं

एक निवृत्त गुरुजी १९९६ ची ८०० घेऊन आले होते. साताऱ्यात गाडी छान. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ लागला की अर्ध्यात झटके मारायची, दुसऱ्या गिअरला यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी वर चढायची. एका गॅरेजने कॉइल बदलली, कारण “गरम झाली की कॉइल बसते”. मग पेट्रोल पंप बदलला. शेवटी कार्बोरेटर ओव्हरहॉल करायला सांगितला, तेव्हा गुरुजी वैतागून माझ्याकडे आले.

मी म्हटलं, “गुरुजी, हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय नवीन लावलं?” ते म्हणाले, “काही नाही.” जरा थांबून म्हणाले, “टाकीचं झाकण पंपावर हरवलं, तेवढं नवीन घेतलं. कुलुपाचं.”

गाडी यवतेश्वरच्या घाटात काढली. वर जाता जाता ती गुदमरायला लागली, तशी बाजूला घेतली आणि लगेच टाकीचं झाकण फिरवलं. हवा आत खेचल्याचा सूंऽऽ असा लांब आवाज आला. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मी काही बोललो नाही. झाकण सैल ठेवून उरलेला चढ चढलो, गाडी एकदाही अडखळली नाही.

टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्या जागी हवा आत यावी लागते. बाटली ओठांत घट्ट धरून पाणी ओढलं तर बाटली पिचकते आणि पाणी यायचं थांबतं, तसंच हे. मूळ झाकणात हवा आत घेणारा बारीक व्हॉल्व्ह होता, बाजारातल्या झाकणात नव्हता. गावात पेट्रोल कमी लागतं म्हणून भागत होतं. चढाला पंपाला ओढता येईना, कार्बोरेटरचा बाऊल रिकामा व्हायचा. उभी केली की हळूहळू हवा शिरायची आणि गाडी पुन्हा शहाणी. झाकण बदललं, काम संपलं. तोवर बिचाऱ्यांचे कॉइलचे आणि पंपाचे पैसे गेले होते.

जेटमध्ये तार घालणं

हे बघितलं की माझं डोकं फिरतं. जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मापून सोडणारी बारीक नळी. ती पितळेची असते, पितळ मऊ. तिचं भोक कंपनीने मापून पाडलेलं असतं. त्यात स्टीलची तार फिरवली की भोक मोठं होतं, पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो, आणि मग एअर स्क्रू पिळत बसायचं. तो स्क्रू आयडलिंगचा आहे, चढावर त्याचा काही उपयोग नाही. मी जेट क्लीनरमध्ये भिजवतो आणि हवा मारतो. घाई असेल त्याने दुसरीकडे जावं.

मुळात कार्बोरेटर उतरवायचीच गरज आहे का, ते बघायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, वरून आत बघत थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप) हाताने फिरवा. पेट्रोलची ठसठशीत पिचकारी उडाली पाहिजे. नुसते थेंब आले तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम बघा. मग कुणाला तरी आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. थ्रॉटल पूर्ण उघडतो का? केबल सैल असेल, किंवा पेडलखाली जाड मॅटवर मॅट टाकली असेल, तर तो उघडतच नाही. मॅट काढून पिकअप परत आलेल्या गाड्या मी बघितल्यात. मालकाला पटत नाही, कारण बिल झालेलं नसतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. आयडलिंगला गाडी उभी ठेवून प्लगचा रंग वाचू नका. चढ चढवा, बाजूला घेऊन लगेच बंद करा, मग काढा. एचटी केबल (प्लगला करंट नेणारी जाड वायर) अंधारात बॉनेट उघडून बघा, करंट लीक होत असेल तर ठिणग्या दिसतात. टायमिंग बेल्ट बदलल्यापासून पिकअप गेला असेल तर बेल्ट एक दात चुकलाय का ते आधी पाहा. टायमिंग पुढे ओढून ‘पिकअप काढणारे’ इंजिन वाजवून पिस्टनची वाट लावतात.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेऊन २००३ च्या गाडीत सॉकेट शोधणारी मुलंही येतात. आपल्याकडे ओबीडीची (गाडीतले दोष स्कॅनरला सांगणारी यंत्रणा) सक्ती एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) गाड्यांना बहुधा कंपनीचाच स्कॅनर लागतो, आणि कार्बोरेटरच्या गाडीत तर बोलायला कुणी नसतंच.

ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सरसकट शिव्या घालणंही चुकीचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे फरक पडतो, पण तो थोडा. त्याने गाडी घाटात बंद पडत नाही. जुने रबरी पाइप आतून फुगतात, टाकीतला मळ सुटून फिल्टरमध्ये येतो, ते मात्र खरं. पाइप बदला, फिल्टर बदला, जेट मोठा करू नका.

“इंजिन उतरलंय” हे कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजल्याशिवाय कुणी म्हटलं तर ऐकू नका. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि कंप्रेशन घेताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, सगळे प्लग काढलेले असू द्या, बॅटरी चार्ज असू द्या. नाहीतर सगळेच आकडे कमी येतात आणि चांगल्या इंजिनाचं बोअरिंग होतं.