विजेचा तीनचाकी टेम्पो धंद्याला लावण्याआधी

विजेचा मालवाहू तीनचाकी टेम्पो दारात आला की घरचे आधी बॅटरीबद्दल विचारतात. फुटणार तर नाही ना? हात लागला तर करंट बसेल का? काळजी रास्त आहे, पण ती नको त्या जागी अडकते. बहुतेक तीनचाकी टेम्पोंची बॅटरी ४८ व्होल्टच्या आसपासची असते, आणि वाहनांच्या नियमांत ६० व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा शॉकच्या दृष्टीने धोक्याच्या वर्गात धरत नाहीत. माणूस दगावतो तो भिंतीतल्या २३० व्होल्टने, हौद्यात कसाही रचलेल्या मालाने, नाहीतर उतारावर गाडी आवरली नाही म्हणून. तेव्हा तयारी भिंतीपासूनच सुरू करू. डोळ्यांसमोर गाडी धरली आहे ती पुण्याची: रात्री कोंढवा-बिबवेवाडीकडे चार्जिंगला लागणारी आणि पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी भरायला उतरणारी. तुमचं गाव वेगळं असेल तर रस्त्यांची नावं तेवढी बदलून घ्या.

गाडी घरी यायच्या आधी वायरमन घरी यायला हवा, गाडी आल्यावर नाही. सोबतचा चार्जर साधारण तीन किलोवॉटचा असेल तर तो तेरा-एक अँपिअर खेचतो, आणि मिक्सरसारखा दोन मिनिटं नाही, सलग तीन-चार तास. त्यामुळे लागतो तो १६ अँपिअरचा, जाड पिनांचा सॉकेट. त्याची वायर मेन बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली हवी, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. जुन्या घरांत आणि चाळींत प्लगपर्यंत आलेली वायर पुष्कळदा एक-दीड चौरस मिलिमीटरची निघते. वर सॉकेट कितीही चकचकीत बसवा, भिंतीच्या आत ती वायर तापत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही. गीझरच्या लाइनीवर जोड मारून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

बोर्डात एमसीबी असतो तो वायर वाचवायला. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. चार्जरच्या पत्र्यातून किंवा ओल्या प्लगातून तेवढी गळती झाली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघा, खटकन पडला तर ठीक. पडला नाही तर तो बदलेपर्यंत गाडी तिथे लावू नका. अर्थिंगची खात्री तोंडी घेऊ नका, मीटर लावून दाखवायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच व्होल्ट दिसायला हवेत जेवढे फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतात. आणि वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती लिहिला आहे ते एकदा वाचा. तो आधीच काठावर असेल तर आधी वाढवून घ्या, गाडी मागाहून.

पहिल्या रात्री चार्जिंग लावून झोपायला जाऊ नका. अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीला बोटं टेकवा. कोमट लागला तर चालेल. बोट ठेववत नसेल, किंवा पिनेच्या मुळाशी पांढरं प्लास्टिक बदामी पडलेलं दिसलं, तर सॉकेट सैल आहे. स्विच बंद करा, मग प्लग काढा, आणि सॉकेट नवा बसवा. तापलेल्या प्लास्टिकचा वास मासे सडल्यासारखा येतो, तो एकदा कळला की विसरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड या कामाला वापरूच नये असं माझं मत आहे, आणि गुंडाळलेल्या वायरीचा तर नाहीच, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते. गाडी जिन्याखाली किंवा घरातून बाहेर पडायच्या एकुलत्या वाटेवर चार्जिंगला लावू नये, हेही इथेच सांगतो. पुढे काही झालं तर घरच्यांना बाहेर पडायला दुसरी वाट उरत नाही.

उन्हातून दमून आलेल्या गाडीला लगेच प्लग खुपसू नका. एप्रिल-मेमध्ये अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्या. चार्जर कंपनीचाच, बॅटरीचा जो प्रकार असेल त्याचाच.

गाडी जुनी घेत असाल तर बनावटीची तारीख बघा. या वर्गातल्या बॅटऱ्यांचे सुरक्षा नियम (एआयएस-१५६) १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. त्यानंतरची गाडी मिळत असेल तर आधीची स्वस्त म्हणून घेऊ नका. ताशी २५ किलोमीटरची, ३१० किलो माल नेणारी ई-कार्ट हा वेगळा प्रकार आहे, तिला या यादीतलं सगळं लागू होणार नाही. तिच्यात पुष्कळदा शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि चार्जिंगच्या वेळी त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद खोलीत कधीच नाही.

कागदपत्रं थोडक्यात. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असली की गाडी धंद्याची. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना ऑक्टोबर २०१८ पासून परमिटची गरज नाही, पीयूसीही लागत नाही. लायसन्स, विमा आणि फिटनेस मात्र सुटत नाही. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

आरसी हातात असतानाच त्यावरचे दोन आकडे कागदावर उतरवून घ्या: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची मर्यादा, पण ती सगळी मालाची नव्हे. रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो. समजा वजाबाकी ५७० आली आणि तुम्ही ७० किलोचे. मालाला उरले ५००. पन्नास किलोच्या कांद्याच्या दहा गोण्या, अकरावी नाही. आडत्या म्हणेल, ‘एवढी एक घ्या हो मालक, जातीय.’ जाते खरी. विजेची मोटर सुरुवातीलाच जोर देत असल्याने डिझेल टेम्पोसारखी ती कण्हत नाही, त्यामुळे जादा वजन चालकाला जाणवत नाही. ते कळतं थांबताना. दंडही हलका नाही: २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये.

वजनाइतकंच महत्त्व रचनेला. तीनचाकीचं पुढचं चाक एकच, आणि गाडी नेमकी तिथेच लंगडी असते. वळताना ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या बाजूच्या कोपऱ्याकडे धावतं, आणि त्या कोपऱ्याखाली चाकच नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात फक्त सोडून द्यायची. भरताना बटाटा, कांदा, टोमॅटोचे कॅरेट तळाला आणि चालकाच्या पाठीकडे, कोथिंबीर-मेथी वर. जड माल मागच्या फाळक्याजवळ साचला तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल लोण्यासारखं फिरायला लागतं. ते सुख वाटत असेल तर उतरून दोन गोण्या पुढे ओढा. कॅरेटची उंची चालकाच्या डोक्याच्या वर गेली की दोरी हवीच, आणि ती नुसती वरून टाकलेली नाही. दोन्ही बाजूंच्या कड्यांना आवळलेली. ताडपत्री बांधल्यावर दिवे आणि नंबर पाटी झाकली गेली नाही ना, हे मागे जाऊन बघायचं, आरशातून नाही.

गाळ्यावर माल चढत असताना चावी बंद करून खिशात. हा एक नियम मी सगळ्यांत वर ठेवीन. इंजिन असलेली गाडी सुरू आहे हे तिच्या थरथरण्यावरून हमालालासुद्धा कळतं. ही गाडी सुरू असून मेल्यासारखी पडून असते. गोणी टाकून झाल्यावर कुणी सहज हँडलला टेकलं, मूठ जराशी पिळली गेली, की ती भरल्या वजनासकट उडी घेते आणि पुढे कुणीतरी पाठीवर पोतं घेऊन वाकलेलं असतं. तीच गोष्ट रिव्हर्सची. यार्डात पहाटे मागे वळून बघायला कुणाचं डोकं मोकळं नसतं. हॉर्नपेक्षा मोठ्याने हाक मारलेली बरी, आणि जागा अरुंद असेल तर कुणाला तरी मागे उभं करूनच गाडी मागे घ्या.

हँडब्रेकवर एकट्यावर विसंबू नका. डिझेल गाडी चढावर गिअरमध्ये टाकून ठेवता येते, इंजिनचा दाब तिला धरतो. इथे तो आधार नाही. चढ-उतारावर उभी केली की चाकाखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा. ठोकळा गाडीतच ठेवा, जागेवर दगड मिळेलच असं नाही.

पहाटेची फेरी निघण्याआधी टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे बघा, मागच्या दोन्ही टायरांत सारखी. दिवे, इंडिकेटर, हॉर्न. चार्जिंगची वायर काढली का, हे हसण्यावारी नेऊ नका. मग पहिल्या दहा फुटांत दोनदा ब्रेक दाबून बघा. रीजनची, म्हणजे मूठ सोडताच मोटरनेच गाडी आवरण्याची, सवय लागलेला चालक मूठ सोडूनच गाडी हळू करतो, पायातला ब्रेक दिवसभर फारसा वापरात येत नाही, आणि ब्रेक उतरले आहेत हे महिनोन्‌महिने कळत नाही.

रीजनचं आणखी एक बघा, कारण ते शोरूममध्ये क्वचितच सांगतात. मूठ सोडल्यावर गाडी जी मागे ओढल्यासारखी होते, ती मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरत असते म्हणून. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की तिच्यात जागाच नसते. मग बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ती वीज घेत नाही आणि ओढ नाहीशी होते किंवा अगदी कमी होते. आता आपली गाडी बघा: रात्रभर चार्ज होऊन पहाटे शंभर टक्क्यांवर, आणि पहिलाच रस्ता आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकात उतरणारा. काल दुपारी साठ टक्क्यांवर याच उतारावर ती आपोआप आवरत होती. आज मूठ सोडली तरी पळतच राहते. चालकाला वाटतं ब्रेक गेले. ब्रेक गेलेले नसतात. उतार लागायच्या आधीच वेग कमी करा आणि पायाचा ब्रेक पहिल्यापासून वापरा. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी ती वापरावी. मात्र एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी अधूनमधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर सेलची पातळी सारखी राहत नाही आणि पडद्यावरची टक्केवारी खोटं बोलू लागते. तो पूर्ण चार्ज सुट्टीच्या आदल्या रात्री नको. भरलेली गाडी उगाच उभी राहते.

उतारावर न्यूट्रल कधीही नाही, वीज वाचवायची म्हणून तर अजिबात नाही.

किती किलोमीटर जाते, याचं उत्तर माहितीपत्रकात शोधू नका. पहिला आठवडा निघताना आणि परतताना टक्केवारी वहीत लिहा, शेजारी माल किती होता तेही. तुमच्या फेरीचा हिशोब तुम्हालाच सापडेल. वीस टक्के शिल्लक ठेवूनच फेरी ठरवा. बॅटरी खाली गेल्यावर बहुतेक गाड्यांचा जोर आपोआप कमी होतो, आणि ते नेमकं चढावर भरल्या गाडीला झालं तर मागच्या वाहनांची पंचाईत.

पावसाळ्यात बॅटरीवर आयपी-६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलं आहे म्हणून पाण्यात शिरू नका. ती चाचणी एक मीटर स्थिर पाण्यात अर्ध्या तासाची, नव्या बॅटरीवर केलेली. वाहत्या पाण्याची नाही, आणि खड्ड्यांत आपटून सील ढिलं झालेल्या दोन वर्षांच्या गाडीची तर नाहीच. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं की दुसरा रस्ता घ्या. चार्जिंगचं तोंड ओलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसून थोडं थांबा. धुताना प्रेशरचा फवारा चार्जिंगच्या तोंडावर, मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरवर आणि जोडांवर मारू देऊ नका. सर्व्हिसिंगवाल्या पोराला हे दर वेळी सांगावं लागतं.

बॅटरीचं झाकण उघडून स्वतः पाना फिरवू नका. ४८ व्होल्टने शॉक बसत नसेल, पण पाना दोन टर्मिनलांवर एकदम टेकला तर शेकडो अँपिअर त्यातून जातात. पाना लाल होतो, हातातली अंगठी असेल तर तीही. गाडी रस्त्यात बंद पडली तर दोरीने ओढत नेण्याआधी मॅन्युअल वाचा. चाकं फिरली की पुष्कळ गाड्यांत मोटर वीज तयार करू लागते आणि कंट्रोलर जळू शकतो. दुसऱ्या टेम्पोत चढवून नेणं महाग पडतं, कंट्रोलर त्याहून महाग.

बॅटरीपाशी शेवटी येतो. फुसफुस आवाज, थिनरसारखा वास, पांढरा धूर किंवा फुगलेली पेटी, यातलं काहीही दिसलं की गाडी मोकळ्या जागी थांबवा, चावी काढा, माल तसाच सोडा आणि सगळ्यांना दूर न्या. अग्निशमनाला १०१, नाहीतर ११२. फोनवर ‘लिथियम बॅटरीची गाडी आहे’ हे आधी सांगा, कारण तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं. गाडीतला आग विझवायचा छोटा सिलिंडर पेटलेल्या वायरीला किंवा मालाला पुरतो, आतून तापत जाणाऱ्या सेलना नाही. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. त्यामुळे आपटलेली, तळाला मार बसलेली किंवा पुरात बुडालेली गाडी चालत असली तरी त्या रात्री घराखाली आणू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. उघड्यावर, भिंतीपासून लांब उभी करा आणि सकाळी सर्व्हिस सेंटरला फोन करून त्यांनाच न्यायला बोलवा.