हात थरथरतो, पाय मागे येतो: बाजारात फोटो काढताना या चुका टाळा

आठवडी बाजारात कॅमेरा घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोन तासांत दीडशे फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर निम्म्यांत लोकांच्या पाठी, उरलेल्यांत टोप्या आणि डोक्यावरचे पदर. मित्र म्हणाला, "तू भेतं लोकायले." भीत तर होतोच. पण त्यातली अर्धी भीती गुडघ्यांत होती, हे कळायला वर्ष गेलं.

उभ्याउभ्याच फोटो काढणं

आपल्याकडचा बाजार जमिनीवर भरतो. गोणपाट अंथरलेलं, त्यावर मिरचीचा ढीग, बाजूला तराजू आणि मागे बसलेली मावशी. आपण उभे राहिलो की आपली सावली तिच्या मालावर पडते. ती मान वर करून बघते, आणि त्या बघण्यानंच आपला धीर सुटतो. खाली बसावं तर दिवसभर खुर्चीत काढलेलं शरीर बसू देत नाही. माझ्या टाचा उचलल्या जायच्या, गुडघे कडकड वाजायचे, तोल सावरायला एक हात जमिनीवर. दहा सेकंदांत उठायचो आणि स्वतःला सांगायचो, लाज वाटली म्हणून उठलो.

उपाय साधा आहे. रोज सकाळी वीस बैठकांचे दोन फेरे, आणि टाचा टेकवून उकिडवं बसण्याचा सराव: तीस सेकंदांपासून सुरुवात, हळूहळू दोन मिनिटांपर्यंत. गुडघा दुखत असेल तर हट्ट नको, पिशवीत छोटा पाट ठेवा. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, म्हणजे विदर्भाला व्यायाम नवा नाही. पण गावोगावच्या जिममध्ये पोरं दंड फुगवतात आणि पाय विसरतात. फोटोला दंड लागत नाही हो, मांड्या लागतात.

पाय तयार झाल्यावर एका भिवापुरी मिरचीवाल्या मावशीसमोर निवांत बसलो. कॅमेरा मांडीवरच होता. चार मिनिटं भाव, पाऊस, मिरचीवरचा रोग असं सगळं बोलून झालं. मग विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का?"

"काढ ना. पन पावभर मिरची घेशीन तं."

तो माझा पहिला चांगला फोटो. मिरची अर्थातच घेतली.

धडधडीला भीती समजणं

अनोळखी माणसाकडे कॅमेरा वळवला की छाती धडधडते आणि हाताला कंप सुटतो. जोरात पळून आल्यावरही नेमकं हेच होतं. ज्याला आठवड्यातून तीनदा शेताच्या बांधाने पळायची सवय आहे, त्याला ही धडधड ओळखीची असते, तो घाबरून कॅमेरा खाली घेत नाही. पळण्यानं भीती जाते असं मी म्हणणार नाही, माझी अजून गेलेली नाही.

एक प्रयोग करा. पाच मिनिटं पळून या आणि लगेच दारातल्या तुळशीचे दोन फोटो काढा, एक शटर १/३० वर ठेवून (म्हणजे ते सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहतं), एक १/२५० वर. पहिला बहुधा हललेला निघेल. बाजारात शटर १/२५० च्या खाली नेऊ नका आणि अर्धा श्वास सोडून मग बटण दाबा.

लांबून झूम मारणं

भित्र्याचा आवडता उपाय म्हणजे ७०-२०० मिलिमीटरची लांब झूम लेन्स. एफ/२.८ वाली, म्हणजे मोठ्या भोकाची, जास्त उजेड घेणारी असेल तर नुसती लेन्सच दीड किलोच्या आसपास. तासाभरात मान आणि खांदे भरून येतात, आणि दमलेला माणूस कुणाशी बोलायलाही जात नाही. शिवाय एवढी तोफ रोखलेली बाजारात लपत नाही. त्यापेक्षा ३५ मिलिमीटरची छोटी लेन्स घ्या. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ (लहान भोक) ठेवून फोकस तीन मीटरवर लावला, तर साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. फोकसची चिंता संपली, आता चालत जवळ जायचं काम पायांचं.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, मात्र याला अपवाद. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर पट पुन्हा सुरू झाले आणि कॅमेरेवालेही वाढले. धावपट्टीच्या टोकाला उभे राहू नका. जोडी सुटली की तिला थांबायला जागा लागते, आणि तिथे कितीही व्यायाम केलेला असला तरी उपयोग नाही.

उपाशीपोटी, उन्हात

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. सकाळी दहाच्या आत काम आटपा, डोक्याला दुपट्टा बांधा. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ घालून बाटली सोबत ठेवा. चक्कर यायला लागली की माणूस चिडका होतो, आणि चिडक्याला कुणी फोटो देत नाही.

कुणी हटकलं की पळणं

ही सगळ्यात वाईट चूक, आणि मी ती केली आहे. "काहून काढून रायला बे?" ऐकलं की पाय आपोआप वळतात. पळणारा चोरच वाटतो. मागे दोन पोरं लागली होती, थेट बसस्टँडपर्यंत.

आता पाय रोवून उभा राहतो. कॅमेरा खाली, नजर समोर, आवाज हळू. पोळ्याच्या आधी कासरे, गोंडे विकणाऱ्या एका काकाजींनी असंच हटकलं. स्क्रीन दाखवली. "डिलीट कर," ते म्हणाले. त्यांच्यासमोरच केला. मग त्यांनी गोंड्यांचा गुच्छ बाजूला सारून बसायला जागा केली आणि विचारलं, "कोन्या गावचा?"