ग्रंथालयाचा तास: आधी मॅडमना गाठा

जुलैत एफवायच्या पोरांना ग्रंथालय दाखवायचं आणि ओपॅकवर, म्हणजे पुस्तकं शोधायच्या कॉम्प्युटरवरच्या यादीवर, तासभर बोलायचं, हे मी नऊ वर्षं केलं. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्या, अर्धी पोरं पेंगलेली. ऑगस्टात तीच पोरं काउंटरवर: "सर, प्रोजेक्टला कायतरी द्या ना."

ग्रंथपाल असाल तर तो तास बंद करा. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी एखाद्या प्राध्यापकाला गाठा. 'माहिती साक्षरता', म्हणजे माहिती शोधणं आणि पारखणं, हा शब्द काढू नका. "पोरं कॉपी-पेस्ट करतात" म्हणा, लगेच खुर्ची पुढे सरकते. मागणं दोनच: असाइनमेंटचा विषय ठरवताना मला बसू द्या, आणि दहातले चार मार्क शोध कसा घेतला त्याला ठेवा. मार्कांशिवाय कोणी फिरकत नाही.

आम्ही इतिहासाच्या मॅडमबरोबर कातळशिल्पं घेतली, कोकणातल्या सड्यांवर कोरलेली जुनी चित्रं. बारसू, देवाचे गोठणे ही पोरांच्या येण्याजाण्यातली गावं. पहिला तास फक्त शब्दांचा: कातळशिल्प, खोदचित्र, पेट्रोग्लिफ, जिओग्लिफ. फळ्यावर लिहून एकेक शोधायला लावा. मराठी शब्दाला बातम्या येतात, इंग्रजीला शोधनिबंध.

दुसऱ्या तासाला दोघांनीही वर्गात असावं. निम्म्या वह्यांत 'युनेस्कोचं जागतिक वारसा स्थळ' असं होतं. मी काही न बोलता युनेस्कोचीच साइट उघडायला लावली. भारताच्या यादीत नाव सापडेना. शेवटी एका मुलीला संभाव्य यादीत दिसलं, २०२२ ची नोंद.

"म्हणजे अजून वेटिंगवर?"

"हो, आरएसीसुद्धा नाही," मी म्हटलं. संभाव्य यादीत नाव असल्याशिवाय नामांकनच पाठवता येत नाही, हे पुढचं मॅडमनी सांगितलं. ते त्यांनीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर कोणी लिहून घेतलं नसतं.

शोधगंगा या साइटवरचे पीएचडीचे प्रबंध पासवर्डशिवाय उघडतात. एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, लॉगिन मात्र आठवडाभर आधी करून ठेवा. आणि लाईट जाणारच, पीडीएफ पेनड्राइव्हवर असू द्या. चॅटजीपीटीने दिलेला प्रत्येक संदर्भ खरोखर आहे का, ते पोरांकडूनच शोधून घ्या.

शोधाची डायरी पानभर पुरते: कुठला शब्द, कुठे टाकला, काय टाकून दिलं, का. एकाने लिहिलं होतं, 'आजोबांना विचारलं. म्हणाले, पांडवांनी कोरलं. पुरावा नाही, टाकून दिलं.' समासात मॅडमचा लाल शेरा: 'टाकू नकोस. लोकसमजूत म्हणून नोंदव, आजोबांचं नाव आणि तारीख घाल.'

चारपैकी चार दिले.