आजोबांच्या दुनळीला कोणतं काडतूस चालेल?

उमरेडकडच्या वाड्यातून आमच्याकडे दुनळी (दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक) आली, तिच्यासोबत पत्र्याच्या डब्यात अकरा काडतुसंही आली. पुठ्ठ्याची, दमटपणाने फुगलेली, पितळेवर हिरवा थर चढलेली. मालगुजारी (इकडची जमीनदारी) १९५१ साली गेली, पण मालगुजारांच्या बंदुका बऱ्याच घरांत राहिल्या. त्यामुळे नागपुरात अशी विलायती बारा बोअर (बोअर हे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी अरुंद) वारशाने मिळणं नवलाचं नाही. मग प्रश्न येतो, हिच्यात घालायचं काय?

आधी कागद. परवानाधारक वारले की त्यांचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही. बंदूक आणि असतील ती काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि स्वतःच्या नावाने अर्ज करा. शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवाना हातात येईपर्यंत काडतूस विकत घ्यायचं नाही, ओळखीच्या काकांकडून उसनं तर नाहीच. आमची बंदूक तोवर दुकानातच होती. पुढची तपासणीही तिथल्या कारागिराने केली, ते सोयीचंच झालं.

तपासणीत त्याने आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग नळ्या सोडवून एक नळीजोड दोरीला टांगला आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकला. घंटेसारखा टण्ण आवाज आला तर सांधे घट्ट. भद्द आवाज आला तर कुठेतरी झाळ सुटलेली. आतून उजेडात पाहिलं की गंजाचे खड्डे दिसतात, बाहेरून हात फिरवला की पोचे कळतात. नळीवर वेलबुट्टीसारखी लोखंडाची नक्षी उमटलेली असेल, तर ती दमास्कस नळी. ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली असते आणि दिसायला सगळ्यांत देखणी. माझं मत विचाराल तर तिला भिंतीवर ठेवा. ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक असेल तर काडतुसाचा प्रश्नच मिटला.

आता खरं काम. नळ्यांच्या पोटाखाली, मागच्या टोकाजवळच्या सपाट भागावर बारीक शिक्के असतात. मुकुटाखाली ‘एनपी’ अशी अक्षरं दिसली, तर नळी धूरविरहित दारूवर (म्हणजे आजच्या काडतुसांतल्या दारूवर) तपासलेली आहे. साधारण १९२५ नंतरच्या इंग्लिश नळ्यांवर चेंबरची (काडतूस बसतं त्या मागच्या भागाची) लांबीही इंचात असते: अडीच किंवा पावणेतीन. त्याआधीच्या नळ्यांवर शंकरपाळ्याच्या आकारात ‘१२’ आणि ‘सी’ एवढंच दिसतं, त्यावरून लांबी नक्की कळत नाही. शिवाय मधल्या काळात कुणी चेंबर कोरून लांब केलेलं असू शकतं. म्हणून शिक्का वाचला तरी माप घ्यायला लावा.

हे माप एवढं का महत्त्वाचं? काडतुसांच्या डब्यावर लिहिलेली लांबी ही उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. ७० मिमीचं (म्हणजे पावणेतीन इंची) न उडालेलं काडतूस तोंड मिटलेलं असताना ६० मिमीच्या आसपास भरतं, त्यामुळे ६५ मिमीच्या (म्हणजे अडीच इंची) चेंबरमध्ये ते विनातक्रार बसतं. बंदूकही नीट मिटते. बार उडाला की मात्र तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, हा समज इथे घातक आहे. उलट ७० मिमीच्या चेंबरमध्ये ६५ मिमीचं काडतूस बिनधास्त चालतं.

बोअरचंही तसंच. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, वरून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. मागून १२ बोअरचं घालून बार काढला की नळी फुटते. याच कारणाने २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात बनवण्याची पद्धत आहे.

विकत घेताना डब्यावर तीन गोष्टी बघा: लांबी, छऱ्याचं वजन, छऱ्याचा नंबर (म्हणजे छर्रा किती मोठा). जुन्या अडीच इंची नळीला २८ ते ३० ग्रॅम शिसाचे छर्रे पुरे. जास्त भार, ‘मॅग्नम’ वगैरे तिच्या वाटेला नको. स्टीलचे छर्रेही नकोत, ते जुन्या चोकला (नळीच्या निमुळत्या तोंडाला) मानवत नाहीत. एकसंध गोळीचं काडतूस कारागिराला विचारल्याशिवाय घालू नका. काही जुन्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलंच असतं. आपल्याकडे बारा बोअरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात. (नागपूरच्या अंबाझरी आयुध निर्माणीचा याच्याशी संबंध नाही, तरी दर वेळी कुणीतरी विचारतंच.) नंबराची फार चिकित्सा नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आहे, आणि शेतात रोही (नीलगाय) किंवा डुक्कर आले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही.

ती अकरा काडतुसं दुकानदाराने परत दिली नाहीत, मीही मागितली नाहीत. फुगलेलं काडतूस नळीत अडकतं किंवा अर्धवट उडतं.

नवी काडतुसं गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे भट्टी पेटते आणि दारू तापली की दाब वाढतो. कूलरच्या खोलीतही नको, तिथली ओल पितळ खाते. आमचा डबा देवघरामागच्या खोलीत लोखंडी कपाटात, कुलपात असतो, आणि बंदूक दुसऱ्या कपाटात.