रेडवुडच्या अभ्यासाला पैसे देताना

मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहते आणि रेडवुड या अतिशय उंच झाडांच्या संशोधनाला लोकवर्गणीतून जमेल तेवढे पैसे देते. ओळखीतले विचारतात, नेमके कुठे द्यायचे?

आधी प्रकल्पाच्या खर्चाचा तपशील उघडा. नुसतं ‘झाडं वाचवूया’ लिहिलं असेल तर मी थांबते. दोर, चढाईचं सामान, प्रवास, विद्यार्थ्यांचं मानधन, सगळं वेगवेगळं मांडलेलं हवं.

मग मोजणार काय, ते वाचा. झाडाची तहान उजाडायच्या आत मोजतात. उंचावरची डहाळी कापून प्रेशर चेंबर नावाच्या बंद डब्यात ठेवायची, कापलेलं टोक बाहेर. आत वायूचा दाब वाढवत नेला की त्या टोकावर पाणी चमकतं. जितका जास्त दाब लागेल, तितकं झाड तहानलेलं. त्यासाठी अंधारात 80-90 मीटर चढायचं! दोरांचा खर्च मला कधीच जास्त वाटला नाही.

झाड कुठलं, हेही बघा. किनाऱ्यावरच्या रेडवुडला कोरड्या उन्हाळ्यात धुक्याचा आधार असतो. सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या जायंट सिकोयाची, म्हणजे रेडवुडच्याच भाऊबंदाची, भिस्त वितळणाऱ्या बर्फावर. 2014 च्या दुष्काळात त्यांची पानं तपकिरी पडून गळली होती.

संशोधनासाठी लोकवर्गणी जमवणाऱ्या ‘एक्सपेरिमेंट’ या वेबसाइटवर ठरलेली रक्कम जमली तरच कार्डातून पैसे जातात. म्हणून लवकर द्या, बाकीच्यांनाही धीर येतो. तुमची कंपनी देणगीत तेवढीच भर घालते का, ते एचआरला विचारा. करसवलत मात्र गृहीत धरू नका, आधी खात्री करून घ्या.